डावीकडचा समुद्र

आमच्या शाळेत इतिहासाचं भूगोलाशी लग्न झालंय, असं मुलं म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. इतिहास मी शिकवते आणि भूगोल माझा नवरा. मुलांनी मला नाव ठेवलं होतं सनावळी बाई आणि त्याला नकाशे सर. मला माझं नाव मुळीच आवडायचं नाही, कारण सनावळ्या घोकून घ्यायचा मला पहिल्यापासून तिटकारा. पण शाळेत एकदा चिकटलेलं नाव निवृत्त होईपर्यंत निघत नाही. शाळेत मी त्याला अहो म्हणायचे आणि घरी अरे. मुलांना हे माहीत होतं आणि माझ्या तोंडून शाळेत कधी अरे निसटतंय याची ती वाटच बघत असायची.

शुक्रवारचा शेवटचा तास आम्ही नववीला दोघं मिळून घ्यायचो. याचं मूळ एका भांडणात होतं. स्टाफरूममध्ये मी एकदा म्हणाले की अमुक लढाई सेनापतीच्या हुशारीने जिंकली. हा चहा पिता पिता म्हणाला, "चिखलाने जिंकली. त्या आठवड्यात त्या खोऱ्यात घोडे चालूच शकले नसते. तुझे सगळे राजे माझ्या चिखलात उभे आहेत." मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. मी म्हटलं, एवढं असेल तर या वर्गात आणि सांगा पोरांना. तर हा खरंच आला.

पद्धत अशी होती. तो हातात पुस्तक न घेता फळ्यावर नकाशा काढायचा, एकाच खडूने, हात जवळजवळ न उचलता. तो नदी काढायचा आणि मी तिच्या काठावर माणसं आणून बसवायचे. त्याने खिंड काढली की मी तिच्यातून व्यापारी, बैल, चोर, सगळे पलीकडे न्यायचे. आणि प्रत्येक नकाशात तो एक चूक मुद्दाम करायचा. कधी नदी चढावर वाहायची, कधी वाळवंटात बंदर यायचं. "नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही," तो मुलांना सांगायचा. "तो माणसाने काढलेला असतो. माणूस चुकतो, नाहीतर मुद्दाम चुकवतो." ज्याला चूक सापडेल त्याला त्या दिवशीचा उरलेला खडू बक्षीस. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण मुलं तो कंपासपेटीत वर्षभर जपायची. त्यावरून एकदा दोघांची मारामारी झाली आणि आम्हा दोघांनाच मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बोलावून समज दिली होती.

मग एका सकाळी पक्षाघाताचा झटका येऊन तो मोरीत पडला. हॉस्पिटलमधून परत आला तेव्हा बोलत होता, चालत होता, माझ्याकडे बघून हसत होता. माझा जीव भांड्यात पडला. डावा हात जरा जड होता, हातात काठी आली होती, तेवढंच, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी जेवताना त्याने ताटातलं उजवीकडचं सगळं संपवलं आणि म्हणाला, "एवढंच?" डावीकडे अर्धं ताट भरलेलं होतं. मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली ती फक्त उजव्या गालाची, आणि आरशात बघून समाधानाने ब्रश धुऊन ठेवला. शर्टाची डावी बाही तशीच लोंबत होती. मी डावीकडून खोलीत आले की तो उजवीकडच्या भिंतीकडे बघत मला हाका मारायचा.

"डोळ्यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "डावी बाजू म्हणून काही असते, हेच मेंदू विसरलाय."

"परत आठवेल?"

"काहींना आठवतं."

त्या "काहींना"चा मला इतका संताप आला की मी धन्यवादही न म्हणता उठले.

व्यायाम घ्यायला एक ताई यायच्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी कायम त्याच्या डावीकडेच बसायचं. "दया येऊन उजवीकडे गेलात तर ते कधीच वळणार नाहीत," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझी खुर्ची त्याच्या डावीकडे. तो हाका मारायचा, मी तिथूनच ओ द्यायचे, आणि तो आवाजाच्या मागे मान वळवत वळवत यायचा. कधी पोचायचा, कधी अर्ध्यातच खिडकीपाशी अडकायचा. बत्तीस वर्षं ज्याच्याशी तोंडाला तोंड देऊन भांडले, त्याच्या नजरेत येण्यासाठी मी अशी ताटकळत बसायचे. रडू यायचं. तेही डावीकडेच बसून उरकायचे, कारण तिथे तो बघत नसे.

दुसरी गोष्ट लाल रेघेची. कागदाच्या डाव्या कडेला लाल जाड रेघ ओढायची आणि सांगायचं, रेघ दिसेपर्यंत मान वळवत राहा, मगच सुरुवात कर. ही युक्ती त्याला मानवली. रेघ असली की पान भरायचं. रेघ नसली की अर्धं.

एक गोष्ट मात्र ताईंनी सांगितली नव्हती, ती मला आपोआप कळली. एका दुपारी मी त्याला विचारलं, आपल्या गल्लीत कुठली दुकानं आहेत सांग बघू. तो म्हणाला, "घरातून निघालो की केमिस्ट, मग शिंपी, मग घड्याळजी, की आला चौक." सगळी उजव्या हाताची. समोरची रांग गायब. मी म्हटलं, बरं, आता चौकातून घराकडे ये. तो डोळे मिटून चालू लागला. "बेकरी. न्हावी, त्याच्याकडे रेडिओ. सायकलवाला." केमिस्ट, शिंपी, घड्याळजी आता कुठेच नव्हते. म्हणजे त्याचं काहीच हरवलेलं नव्हतं. सगळं आत होतं, फक्त कुठे उभं राहून बघतोय त्यावर कुठलं अर्धं दिसणार ते ठरत होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. दुःखाने की आनंदाने, ते आजही सांगता येणार नाही.

त्याला शाळेत परत जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं त्याला. पेन्शनचं बघू, घरी आराम कर, असं नातेवाइकांनी म्हटलं की ते गेल्यावर तो मला म्हणायचा, "मी आराम करायला जन्मलोय का?" मोठे सर भला माणूस. ते म्हणाले, एक शुक्रवारचा तास घेऊ द्या त्यांना. मी मागे बसतो. जमलं तर आठवड्यातून दोन दिवस वर्ग देऊ, नाही तर... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मी करायला लावलं नाही.

आम्ही घरी फळा आणला. रोज सराव. डाव्या कडेला लाल खडूची रेघ. तो रेघेपर्यंत मान न्यायचा, "सापडली," म्हणायचा आणि तिथून काढत यायचा. नकाशे पुरे होऊ लागले. पहिला पुरा नकाशा झाला त्या दिवशी आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

"एक कबूल कर," तो म्हणाला. "रेघ आधी ओढून ठेव. पण मुलांसमोर मला हात लावायचा नाही. पढवायचं नाही. पडलो तर पडलो."

मी कबूल केलं.

धडा त्याने निवडला तो आमचा सगळ्यात आवडता. समुद्र नसलेल्या बंदराचा. पूर्वेला डोंगर, त्यात खिंड. मध्ये बाजारपेठ. उत्तरेला टेकडीवर किल्ला. नदी डोंगरातून निघून बाजारावरून पश्चिमेला समुद्राला मिळायची, आणि तिच्या मुखाशी भलंमोठं बंदर होतं. आज त्या बंदराच्या धक्क्यावर उभं राहिलं तर समुद्र दिसतसुद्धा नाही, नुसती शेतं. पुस्तकात लिहिलंय की राजा लढाई हरला आणि बंदर बुडालं. आम्ही मुलांना विचारायचो, राजा हरला म्हणून समुद्र का मागे जाईल? मग हळूहळू उलगडत जायचं. जहाजं बांधायला डोंगरावरची झाडं तोडली. झाडं गेली, माती सुटली. माती नदीने खाली आणली आणि बंदराच्या तोंडात भरली. ज्या झाडांची जहाजं झाली, त्यांच्याच मुळाखालच्या मातीने जहाजांचा रस्ता बंद केला. राजा हरला तो त्यानंतर, कारण तिजोरी रिकामी झाली होती. इथे वर्ग हटकून गप्प व्हायचा. मला शिकवण्यातलं काही आवडत असेल तर ती शांतता.

त्या शुक्रवारी शेवटच्या तासाआधीच्या छोट्या सुट्टीत मी नववीच्या वर्गात गेले आणि फळ्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली. मग त्याला आणायला फाटकाशी गेले. आम्ही सावकाश आलो. जिने चढलो. वर्गात शिरलो तेव्हा सगळी मुलं उभी होती, टेबलावर नवा टेबलक्लॉथ होता, आणि फळा ओल्या फडक्याने पुसून असा लख्ख केलेला होता की खिडकी त्यात दिसत होती. मॉनिटर पोरगी ओलं फडकं हातात घेऊन कौतुकाची वाट बघत उभी होती.

"सरांसाठी, बाई," ती म्हणाली. "कोणीतरी खडूने रेघोट्या मारल्या होत्या."

मोठे सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. लाल खडू माझ्या पर्समध्ये होता. मी दोन पावलं पुढे टाकलीसुद्धा. पण त्याने काठी टेबलाला टेकवून ठेवली, खडू उचलला, आणि वर्गाकडे पाठ केली. त्याची मान डावीकडे वळली. शोधत वळली. खिडकीच्या प्रतिबिंबापर्यंत गेली, जराशी थांबली, आणि परत आली. रेघ सापडली नाही, म्हणजे आपण अजून वळायला हवं, हे त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता. मी कबूल केलं होतं. मी मोठ्या सरांच्या शेजारी जाऊन बसले.

हात मात्र तोच होता. डोंगर आले, एकामागे एक, खांदे जुळवून. खिंड आली. किल्ला आला. डोंगराच्या उतारावर त्याने बारीक बारीक झाडं काढली. बाजारपेठ काढली, नदी बाजारपेठेपर्यंत आणली, आणि फळ्याच्या बरोबर मधे थांबला. दोन पावलं मागे सरून बघितलं. डावा अर्धा फळा कोरा करकरीत होता.

"झाला," तो वर्गाकडे वळून म्हणाला. "बंदराच्या शेवटच्या दिवसांतला नकाशा. चला, चूक शोधा."

पहिल्या बाकावरच्या पोरीला आम्ही टिवटिव म्हणायचो. तिचा हात वर गेला आणि हाताच्या आधी तोंड.

"सर, सापडली! आज एकदम सोप्पी! समुद्रच नाहीये!"

वर्ग खो खो हसला. बाक वाजले. "बंदरपण नाही, सर!" "अर्धा नकाशाच गायब!" मुलांना वाटलं, इतक्या महिन्यांनी सर आलेत तर मोठ्ठी गंमत केलीय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तोही हसला, कारण वर्ग हसत होता. मग म्हणाला, "नाही. ती नव्हे. समुद्र आहे की. नीट बघा."

पुन्हा हशा. टिवटिव म्हणाली, "कुठे आहे, सर?"

"हा काय," असं म्हणून त्याने फळ्याकडे हात केला. हात बाजारपेठेवर गेला आणि तिथेच राहिला.

हसणं पुढच्या बाकांवर आधी थांबलं. मग मधल्या. टिवटिवचा हात अजून वरच होता, तो तिने हळूच खाली घेतला. मॉनिटर पोरगी आपल्या हातातल्या फडक्याकडे बघत होती. आपण पुसलेली रेघ कशासाठी होती ते तिला कशावरून कळलं कोण जाणे. मी तिला नंतर सांगितलं की तुझी काही चूक नाही, आणि ते खरंच होतं, पण ती रडायची थांबली नाही.

तो तसाच उभा होता. मुलं का हसली आणि का गप्प झाली हे चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करत होता. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस, आणि त्यातलेही डावीकडच्या रांगांचे चेहरे त्याला दिसतच नव्हते.

"बाई," तो म्हणाला. "तुमचं चालू करा."

मी उठून पुढे गेले. त्याच्या नकाशावर मी खडूचा एक ठिपका जरी काढला असता तरी आपलं काहीतरी राहिलंय हे त्याला कळलं असतं. तसं करायचं नव्हतं. मग मला आमची गल्ली आठवली.

"सर," मी म्हटलं, "आज मुलांना आपण किल्ल्यावर नेऊ या का? समजा आपण उत्तरेकडच्या किल्ल्यावर उभे आहोत आणि दक्षिणेकडे बघतोय. काय दिसतं ते सांगा ना. मुलं आपापल्या वहीत काढतील."

त्याने डोळे मिटले. आणि उजवा हात लांब केला.

"समुद्र," तो म्हणाला.

मग तो थांबलाच नाही. धक्का सांगितला, त्यावरच्या दोर बांधून बांधून घासलेल्या दगडांसकट. गोदामं सांगितली, मिठागरं सांगितली, जकातीची चौकी. जहाजांच्या डोलकाठ्या इतक्या दाट की पलीकडचं पाणी दिसत नाही. मग म्हणाला, "आता ओहोटी लागलीय. मुखाशी बघा, पाण्याखाली काहीतरी पिवळं दिसतंय. गेल्या वर्षी नव्हतं." नववीचा वर्ग माना खाली घालून काढत होता. पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. डोंगरांचं मात्र त्याने एकदाही नाव घेतलं नाही. डोंगर आता डाव्या हाताला होते.

मी फळ्यावरचे डोंगर दाखवले, त्याने किल्ल्यावरून समुद्र दाखवला, आणि मधून माती वाहून आणायचं काम मी केलं. धडा पुरा झाला. ती शांतताही आली. पण त्या दिवशी ती बंदरासाठी नव्हती.

घंटा झाली तेव्हा खडू त्याच्या हातातच होता. "चूक कोणालाच सापडली नाही," तो म्हणाला. "म्हणजे खडू माझा." त्याने तो खिशात टाकला. मुलं एकेक करून त्याच्या पाया पडल्यासारखी वाकून, कोणी हात हातात घेऊन, बाहेर गेली. टिवटिव सगळ्यांत शेवटी गेली आणि तिने चकार शब्द काढला नाही.

बाहेर व्हरांड्यात मोठे सर चष्मा पुसत उभे होते.

"असा तास मी आयुष्यात बघितला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे वर्ग द्यायचे नाहीत," मी म्हटलं.

"बाई, प्रत्येक तासाला तुम्ही असणार आहात का? त्यांना किल्ल्यावर न्यायला?"

माझे वर्ग होते. ते चुकीचं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

घरी येताना कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि मोडत होते. मुलांना राजे मेलेले, राज्यं बुडालेली मी रोज सांगते, त्यात जीभ कधी अडखळत नाही.

संध्याकाळी तो खिडकीशी त्याच्या आरामखुर्चीत बसला. मी चहा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि माझ्या जागी, डावीकडे जाऊन बसले. त्याची नजर उजवीकडच्या भिंतीवर होती.

"तुला सापडली होती ना चूक?" तो म्हणाला.

"झाडं," मी म्हटलं. "शेवटच्या दिवसांतला नकाशा म्हणालास, आणि डोंगरावर झाडं ठेवलीस. तोवर डोंगर उघडे पडले होते."

"वा. शाबास." तो मनापासून खूश झाला. चहाचा घोट घेतला. कप नीट बशीत ठेवला. "आणि दुसरी?"

मी पदराने खुर्चीचा हात पुसत बसले.

"अगं, पोरं हसतात कशी ते मला माहितीय. गमतीचं हसणं आणि मग ते गप्प होणं. मी खूप वळवली गं मान. इतकी वळवली. माझ्यासाठी तिथे काहीच नव्हतं." तो म्हणाला, "समुद्र. बरोबर ना? आता परत नाही जायचं ना मला?"

"नाही," मी म्हटलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही.

त्याने मान हलवली. खिशात हात घातला, खडू काढला आणि पुढे धरला.

"घे. दोन्ही तुला सापडल्या. तुझा झाला."

त्याने तो उजवीकडे धरला होता, जिथे कोणी नव्हतं. मी ओ दिली असती तर तो वळला असता, निदान प्रयत्न तरी केला असता. ताईंनी तसंच करायला सांगितलं होतं. त्याचा हात तिथे वाट बघत होता. मी उठले, त्याच्या खुर्चीमागून वळसा घालून उजवीकडे गेले, खाली जमिनीवर बसले आणि त्याच्या हातातून खडू घेतला.

"आलीस?" तो म्हणाला.